नाही आला तर सकाळपर्यंत थांब

मॉरिसव्हिल,
२१ ऑगस्ट

प्रिय आशू,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न फोडताच टाकून दिलं असशील, तर प्रश्नच मिटला. पण धरमपेठेच्या शाळेत चौथीपासून एका बाकावर बसलोय आपण. तू आधी फोडशील, वाचशील आणि मग टाकशील. तेवढं मला पुरे आहे. तू इथून गेल्यावरचा हा सनीव्हेलचा पत्ता मंडळातल्या इशितानं दिला. तिच्यावर रागावू नकोस, मीच फोन करकरून तिला भंडावून सोडलं होतं.

आधी बातमी. मी बारा सप्टेंबरला क्रीटला चाललेय. एकटी. हो, तेच तुझं ग्रीसचं बेट. आणि हो, मीच ती, जी साधं शार्लटला जायचं तरी श्रीरामच्या मागे 'तू चल ना' म्हणून लागायची. हसून घे. श्रीरामला जाऊन या दिवाळीत दोन वर्षं होतील, हे तुला इशितानं कळवलंच असेल. तुझा फोन येईल म्हणून मी तेरा दिवस फोन उशाशी घेऊन झोपत होते, पण ते जाऊ दे, मी तक्रार करायला बसलेली नाही. इथल्या मराठी मंडळाच्या लोकांनी तेव्हा खूप केलं. फ्रिजमध्ये चार घरच्या चार आमट्या असायच्या. मग हळूहळू डबे थांबले, ते थांबायचेच, प्रत्येकाला आपापला संसार आहे. आता घरात दिवसभरात आवाज करतं ते फक्त वॉशिंग मशीन. धुणं झालं की ते गाणं वाजवतं आणि मी बाहेरच्या खोलीतून त्याला 'हो हो, आले' म्हणून ओरडते.

अशाच एका दुपारी ठरवलं, जायचं. मुलंबाळं नाहीत, नोकरी संपली, अडवणारा गेला. खरं तर तो कधीच अडवत नव्हता, मीच त्याच्या जेवणाचं निमित्त पुढे करायची. ठरलं तशी वही काढली आणि अभ्यासाला बसले. एकट्या फिरणाऱ्या बायकांचा इंटरनेटवर एक ग्रुप आहे, त्यात रोज वाचते. नव्या गावात अंधार पडायच्या आत पोचावं. फोटो ती जागा सोडल्यावरच टाकावेत. खोलीच्या दाराखाली आतून लावायला पाचर न्यावी. पाचर मागवली, बेडरूमच्या दाराला लावूनही बघितली. पण ती टिकते की नाही हे कळायला बाहेरून दार ढकलणारं माणूस लागतं. मी आत उभी राहिले थोडा वेळ, मग ती काढून तशीच बॅगेत टाकली.

पुढे लिहिलं होतं, कोणी फारच चौकशी करायला लागलं तर सांगावं की नवरा मागून येतोय. ते वाचून लॅपटॉप मिटला आणि भरपूर रडले. दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडला. सगळ्यात वर, ठळक अक्षरात एक सूचना होती. आपल्या प्रवासाचा पूर्ण कागद एका विश्वासाच्या माणसाकडे ठेवा आणि रोज ठरल्या वेळी त्याला खुशाली कळवा. ते वाचलं आणि मला तुझा कागद आठवला. आशू, तो मी टाकलेला नाही. माझ्या पदार्थांच्या वहीत, चकलीच्या पानात आहे.

सात वर्षं झाली. मंडळाच्या गणपतीसाठी मी मोदकांचं सारण परतत होते आणि तू क्रीटच्या प्रवासाचा तो कागद घेऊन आलीस. तुझा आणि राजेशचा घटस्फोट होऊन तीन महिने झाले होते आणि नागपूरला काकूंना तू अजून काही सांगितलं नव्हतंस. फोनवर आईला असलं सांगणार नाही, डिसेंबरमध्ये जाऊन समोर बसून सांगेन, असं म्हणाली होतीस. आधी मलाच म्हणालीस, चल ना यार, दोघी जाऊ. मी श्रीरामच्या जेवणाचं पुढे केलं आणि वर बायकांनी एकटं फिरण्यावर एक व्याख्यान झोडलं. तू गूळ-खोबरं चाखलंस, कागद फ्रिजवर चुंबकानं लावलास आणि म्हणालीस, फक्त तुझ्याकडे देतेय, वीणा.

पाच दिवस बरोबर सकाळी अकराला, तिकडच्या संध्याकाळी सहाला, तुझा 'पोचले' येत होता. सहाव्या दिवशी आला नाही. बोटीशिवाय जाता येत नाही अशा त्या गावातला मुक्काम होता. घरमालकिणीचा फोन लागेना. दुपारी एक वाजेपर्यंत माझा धीर सुटला. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं, राजेशला फोन केला आणि मग नागपूरला लावला. काकू झोपेतून उठून आल्या होत्या. मी म्हटलं, आशूचा पत्ता लागत नाहीये, ती बेटावर एकटीच गेलीय. त्यांनी विचारलं, एकटी काऊन गेली, जावई कुठे आहेत? आणि मी सांगून टाकलं. आशू, तू समोर बसून सांगायचं म्हणून जपून ठेवलेलं मी दोन वाक्यांत सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी उठले तर तुझा मेसेज. वारा सुटला म्हणून बोटी बंद होत्या, गावात वीज नव्हती. मालकिणीनं तुला सूप करून दिलं आणि एकटी घाबरशील म्हणून स्वतःच्या खोलीत झोपवलं. तिथे तुझ्या केसालाही धक्का लागला नाही. जे काही झालं ते माझ्या स्वयंपाकघरातून झालं. डिसेंबरमध्ये तू गेलीस तेव्हा काकू वाढण्यापुरतंच बोलल्या म्हणे. सगळ्या अमेरिकेला ठाऊक आणि आईलाच नाही, हे त्यांना लागलं होतं. दीड वर्षानं करोनात त्या गेल्या, विमानं बंद होती. मी सगळ्यांना सांगत राहिले की मी जे केलं ते काळजीपोटी केलं.

काळजी होती, खोटं नाही. पण त्या दुपारी एकामागून एक फोन लावताना, सगळे मलाच विचारत होते तेव्हा, मला आपण कोणीतरी आहोत असं वाटत होतं. हे मी श्रीरामलाही कधी सांगितलं नाही. आणि कागदाच्या तळाशी तुझ्या अक्षरात एक ओळ होती, 'मेसेज नाही आला तर सकाळपर्यंत थांब'. मी ती वाचली होती. विसरलेही नव्हते. मला वाटलं, तुझ्यापेक्षा मला जास्त कळतं. माझं चुकलं, आशू. काकूंच्या आणि तुझ्यामधले ते शेवटचे दिवस मी नासवले.

गेल्या आठवड्यात प्रवासाच्या विम्याचा फॉर्म भरत होते. अडचण आली तर कोणाला कळवायचं, त्या रकान्यात सवयीनं श्रीरामचं नाव टाइप केलं. पुसलं. माझा दादाही आता नाही आणि वहिनीला परक्या देशातून फोन गेला तर ती हाय खाईल. मंडळात जीव लावणारी वीस घरं आहेत, पण त्यांच्या हाती कागद दिला तर दोन तासांत काय होतं, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक? शेवटी तुझं नाव लिहिलं. नात्याच्या रकान्यात 'मैत्रीण' लिहिलं. तुला न विचारता लिहिलं, जित्याची खोड. नको असेल तर इशिताला सांग, मी काढून टाकीन, आणि माफी मागितली ती तशीच राहील. सोबत कागद आहे. गावं तुझीच, क्रम तुझाच. रोज तिकडच्या सहाला, तुझ्याकडे सकाळी आठला, मी 'पोचले' पाठवीन. तू मला ब्लॉक केलंयस, एकच टिक दिसेल, तरी पाठवीन. वाटलं तर तेवढे दहा दिवस दार किलकिलं ठेव, उत्तर देऊ नकोस. तळाशी तुझीच ओळ उतरवली आहे, नाही आला तर सकाळपर्यंत थांब. तुला थांबता येतं. आणि सकाळीही आला नाही, तर पुढे कोणाकोणाला फोन करायचा ते लिहिलेलं नाही. तुझ्यासाठी फोन लावायला त्या दिवशी माझ्याकडे किती माणसं होती. माझ्यासाठी तू एकटीच आहेस.

अजूनही तुझीच,
वीणा