सुशीलाची सकाळची प्रार्थना

१२ जानेवारी १९९७, रविवार. जालना
सुशीलाला जाऊन आज सात आठवडे. उपासनेला एकटा गेलो. बाकावरची तिची जागा अजून कुणी घेत नाही, सगळे जपून बसतात. गीतं म्हटली. आवाज निघाला, आत काही हललं नाही. अडतीस वर्षं दवाखान्यात कंपाउंडरकी केली, कोणत्या दुखण्याला कोणती बाटली ते पाठ होतं. ह्याला कोणती?
घरात तिघं. आमचा प्रकाश सकाळी आठला बियाण्याच्या कंपनीत जातो तो संध्याकाळीच येतो. राहिली सून, संगीता. दोन वर्षं झाली त्यांना कोर्टात लग्न करून. मुलगी तीर्थपुरीची, बौद्ध घरची. मी त्या दिवशी गेलो नव्हतो. नंतरही तिच्याशी जे बोलायचं ते सु.मार्फत. आता सु. नाही, तर बोलणंही नाही. चहा स्टुलावर ठेवते. मी पितो, कप विसळून ठेवतो.

१६ जाने., गुरुवार
झोप मोडली म्हणून सकाळीच फिरायला निघालो. चर्चच्या मागच्या मैदानातून पोरींचा ओरडा ऐकू आला. जाऊन पाहतो तर खो-खो. दहा-पंधरा पोरी, आणि त्यांना शिकवायला संगीता. ओढणी कमरेला बांधलेली, गळ्यात शिट्टी. मंग स्वतःच पळायला उतरली. बसलेल्या रांगेतून अशी डावी-उजवीकडे निघत होती की एकीमागून एक तिघी मागं लागूनही कुणाचा हात पोचेना. मी ह्याच मैदानावर दवाखान्याच्या टीमकडून अठरा वर्षं व्हॉलीबॉल खेळलो आहे. खेळाडू ओळखायला मला एक मिनिट पुरतं.
दोन वर्षं माझ्या घरात राहते. मी कधी विचारलंच नव्हतं.
शबाना नावाची एक बारकी पोरगी जवळ आली. म्हणाली, "आजोबा, तिकडं दगडावर बसा ना. आजी तिथंच बसायच्या."
कोण आजी, विचारलं.
"संगीताताईच्या सासू. रोज येत होत्या."
रोज. मला सांगून जायची, बायकांच्या सकाळच्या प्रार्थनेला चालले.

१७ जाने.
चर्चच्या पाळकसाहेबांच्या मिसेसना सहज म्हणून विचारलं, बायकांची सकाळची प्रार्थना किती वाजता असते. त्या म्हणाल्या, सकाळी कधीच नसते, बुधवारी दुपारी चारला भरते.
दीड वर्ष रोज सकाळी हेच सांगून जात होती. चाळीस वर्षांच्या संसारात मी तिचा एक शब्द तपासून पाहिला नाही. खोटं बोलायचं, तेही प्रार्थनेचं नाव घेऊन. दुपारी जेवलो नाही. तिच्या फोटोकडे पाहिलं नाही.

१९ जाने., रवि.
उपासनेहून आल्यावर संगीताला सरळ विचारलं. कणीक मळत होती, हात तसेच ठेवून उभी राहिली.
"आई खोटं न्हाई बोलल्या, पप्पा."
मंग सांगितलं. सु. शाल घेऊन दगडावर बसायची. आल्या आल्या प्रत्येक पोरीचं नाव विचारून घ्यायची. कुणाला ताप होता, कुणाचा बाप पितो, कोण गणितात नापास झाली. खेळ सुरू झाला की तिचे ओठ सारखे हलत असायचे. एकदा संगीतानं विचारलं तर म्हणाली, तुम्ही खेळा, मी माझं काम करून राह्यले. आणि कुणी खांबाजवळ चांगला सूर मारला की टाळ्या वाजवायची, मंग इकडं-तिकडं बघायची, कुणी पाहिलं का म्हणून.
हे सांगताना संगीता हसली. मी तिला हसताना पहिल्यांदा पाहिलं.
विचारलं, मला का नाही सांगितलं तिनं? म्हणाली, "तुम्ही नको म्हटलं असतं, तर त्यांना यायचं बंद करावं लागलं असतं."
बराबर आहे. नको म्हटलं असतं.

३ फेब्रुवारी, सोमवार
रोज जातो. टिंक्चर, कापूस, पट्ट्या पिशवीत. गुडघे फुटतातच. सु.सारखं नावं घेऊन देवाजवळ मागायला बसलो, जमलं नाही. दोन नावं झाली की लक्ष खेळातच. आधी अपराधी वाटलं. आता नुसतं बघतो. बघता बघता पोरींची नावं आपोआप पाठ झाली.
आज एक ध्यानात आलं. खो देणारी स्वतः बसते, उठलेलीची जागा घेते. व्हॉलीबॉलमध्ये माझं काम तेच होतं. चेंडू वर उचलून द्यायचा आणि बाजूला व्हायचं, मारणारा दुसराच. टाळ्या त्याला. ते मी अठरा वर्षं आनंदानं केलं. घरात का नाही जमलं...

१६ फेब्रु., रवि.
उपासना बुडाली. लिहून ठेवतो, लपवायचं नाही. तीर्थपुरीला स्पर्धा होती. पोरींच्या घरच्यांनी अट घातली, कुणीतरी वडीलधारं सोबत पाहिजे. मीच गेलो. एस.टी.त पोरी सारख्या गात होत्या, चर्चची गीतं पण आणि सिनेमाची पण.
तिथं संगीताचे वडील आले होते, काशिनाथराव, रिटायर मास्तर. लग्न झाल्यावरही आमची कधी गाठ पडली नव्हती. ते म्हणाले जय भीम, मी आमच्या रीतीनं सलाम म्हटलं. त्यांनी पोत्यावर सरकून मला जागा करून दिली. अर्धा सामना झाला. मंग समोर बघतच त्यांनी विचारलं, "माझी पोरगी तुमच्या घरी हसते का?"
मी म्हटलं, मैदानावर हसते.
"घरी विचारून राह्यलो."
मला उत्तर देता आलं नाही. त्यांनी परत विचारलं नाही.
सामना एका गुणानं गेला. शेवटच्या मिनिटात शबानानं खांबाशी सूर मारला, समोरची पोरगी वीतभर अंतरानं निसटली. मी उभा राहून ओरडत होतो म्हणे. काशिनाथरावांनी माझा शर्ट धरून मला खाली बसवलं. परतीच्या बसमध्ये पोरी आधी रडल्या, अंबडच्या अलीकडंच परत गायला लागल्या. माझा घसा बसला आहे. सु. गेल्यापासून पहिल्यांदा पोटातून हसलो. उपासना बुडवून. काय समजावं ह्याला.

१८ फेब्रु.
संगीताला तिच्या वडिलांचा प्रश्न सांगितला, माझं न दिलेलं उत्तरही. संध्याकाळी चहा झाल्यावर स्टुलावर ठेवला नाही. स्वतःचा कप घेऊन समोर बसली. कॉलेजात विद्यापीठाच्या संघातून खेळायला कुठं कुठं गेल्ती ते सांगत होती. प्रकाश कामावरून आला, दारातच उभा राहून ऐकत होता.

८ मार्च, शनिवार
चर्चच्या कमिटीची मीटिंग. दानिएलमामांनी मैदानाचा विषय काढला. ते चर्चच्या मंडळीतले सगळ्यांत जुने, त्यांच्या शब्दाला वजन. म्हणाले, मैदान मंडळीचं, पोरी सगळीकडच्या येतात आणि शिकवणारी बाई बाप्तिस्मा न घेतलेली. लोक विचारतात. तिनं ईस्टरला बाप्तिस्मा घेतला तर प्रश्नच मिटला, नाहीतर मैदानाला तारेचं कुंपण करून कुलूप. सगळे माझ्याकडं बघायला लागले. घरचा माणूस म्हणून तुम्हीच बोला, म्हणाले.
बोलतो, म्हणून आलो. बारा वर्षं कमिटीत आहे, कधी कुणाला नाही म्हटलं नाही.

९ मार्च
बोललो. जसं झालं तसं सांगितलं. ती भांडी लावत होती, थांबली.
"मैदानासाठी घेऊ का बाप्तिस्मा, पप्पा?" आवाज चढवला नाही. "आईंनी तर मला कधी विचारलं पण न्हाई."
खरं लिहितो. तिनं घ्यावा असं मला वाटतं. फार वाटतं. पण असा नाही. कुलपाच्या बदल्यात दिलेला देवाला तरी काय करायचा?
दानिएलमामांकडं जाऊन सांगितलं, मी ही अट तिला घालणार नाही, कमिटीनंही घालू नये. त्यांनी चहा दिला. विषय ईस्टरनंतर घेऊ, म्हणाले. रागावले का, कळलं नाही.

३० मार्च, ईस्टर
पहाटेची उपासना मैदानातच झाली, दरवर्षीसारखी. गीत म्हणताना आज आवाज कुठून आला कळलं नाही, शेजारच्यानं वळून पाहिलं. शेवटचं आमेन होतंय तोवर शबाना आणि सात-आठ पोरी सरावाला हजर. आज सुट्टी आहे हे त्यांना सांगायचं संगीता विसरली होती. पाळकसाहेबांच्या मिसेसनी त्यांना ओळीत बसवून केक दिला. दानिएलमामांची नात त्या ओळीत जाऊन बसली, उठवली तरी उठेना. मामा लांबून बघत होते. संगीता सगळ्यांत मागं प्रकाशजवळ उभी होती, उपासना सुरू झाल्यापासून. डोळे मिटलेले होते की ऊन लागत होतं, मला दिसलं नाही. विचारणार नाही.
सु. असती तर टाळ्या वाजवल्या असत्या. घरी येऊन खूप रडलो. पण वाईट वाटून नाही, म्हणजे फक्त वाईट वाटून नाही.

५ एप्रिल, शनिवार
चारला मीटिंग, मैदानाचा निर्णय आज. माझं बोलणं कागदावर लिहून घेतलं होतं. जेवताना संगीता म्हणाली, मी पण येते, माझ्याबद्दल बोलणार तर माझ्यासमोर बोला. प्रकाश म्हणाला, कशाला. मी म्हटलं, येऊ दे.
मंग तिनं विचारलं, "त्यांनी विचारलं, तू येशूला मानतेस का, तर काय सांगू?"
म्हटलं, खरं असेल ते.
"खरं तर मला अजून माहीत न्हाई, पप्पा. आईंजवळ बसले की वाटायचं. ईस्टरच्या सकाळी पण वाटलं. दुपारी न्हाई वाटलं."
म्हटलं, हेच सांग. माझंही दुपारी तसंच होतं.
हे मी आजवर पाळकसाहेबांनाही सांगितलेलं नाही.
पावणेचार झाले. कागद घरीच ठेवतो, बोलायचं ते ती बोलेल. ती चपला घालून दारात उभी आहे, चला म्हणते