मॅनिफोल्डचा सांधा

११ मार्च

प्रिय धाकट्या,

तुझ्या दोन्ही पत्रांना उत्तर नाही, माफ कर. कामं होती असं लिहिणार होते, पण ते खरं नाही. काय लिहावं तेच ठरत नव्हतं.

घरी ठीक. बाबांनी जुनी गाडी पुन्हा काढलीय. उभ्या गाडीत इंजिन हिव भरल्यासारखं थरथरतं. दोन्ही कार्बोरेटर खोलून, जेटची बारीक भोकं फुंकून पुन्हा बसवले, थरथर तशीच. मग त्यांची रबरी नळी आली. एक टोक कानाला, दुसरं आधी एका कार्बोरेटरच्या तोंडाशी, मग दुसऱ्याच्या. दोघांचा श्वास सारखा लागला पाहिजे, हे आपण लहानपणापासून ऐकतोय.

"सारखाच आहे," ते म्हणाले.

मी दारात होते. कार्बोरेटर इंजिनला जोडणाऱ्या नळकांड्याकडून येणारी बारीक फुसफुस मला तिथवर ऐकू येत होती.

"बाबा, मॅनिफोल्डच्या सांध्यातून हवा ओढतंय."

"काय?"

मी पुन्हा सांगितलं.

"मोठ्यानं बोल की. कॉलेजात पुटपुटायला शिकवतात का?"

तिसऱ्यांदा ओरडून सांगितलं, तेव्हा त्यांनी नळी माझ्या हातात दिली. "तू ऐक," एवढंच.

मी सांध्यावर पाण्याची पिचकारी मारली. फुसफुस थांबली, इंजिन क्षणभर निवलं. बाबांचा तळवा मडगार्डवर होता. "हां, तिथेच. गास्केट गेलं." हाताला कळलं होतं.

मग म्हणाले, "धाकट्याला कळवू नकोस. म्हणेल, म्हातारा कामातून गेला."

तू बाबांचं गॅरेज सोडून गेलास, तेव्हापासून फोनवर ते 'हं, हं' करतात आणि फोन माझ्याकडे देतात. त्यांचा राग गेला नाही, असं तू समजतोस. मीही तेच समजत होते. पहिल्या वर्षी असेलही राग. आता त्यांना तुझं बोलणं कळत नाही, आणि दर वेळी 'काय म्हणालास?' विचारायची लाज वाटते. फोन ठेवला की मला विचारतात, "काय म्हणत होता?" शब्दन् शब्द सांगावा लागतो. त्यालाही मी अढीच समजले.

त्यांचा शब्द मोडतेय. हे तुझ्यासाठी, त्यांच्यासाठी, की दोघांमधले निरोप सांगून मीच कंटाळलेय म्हणून, हे मला नीट सांगता येत नाही. पण गप्प राहणं त्याहून वाईट वाटतं. ये. समोर बसून सावकाश बोल. ओठ दिसले की त्यांना कळतं.

तुझी,
ताई

उद्याचं काम: पाकीट चिकटवण्याआधी हे पत्र बाबांना वाचायला देणे.