एका पत्त्यावर दोघे

चिरंजीव भाचेबुवांस मामाचे पोटभर आशीर्वाद. तुझी प्रकृती ठणठणीत असेल असे धरून चालतो. आमची विचारू नकोस. पत्र हाताने लिहितो आहे, कारण सुट्टीत येऊन तू माझ्या कॉम्प्युटरात ते लिनक्स घालून गेलास (आधीच्याने तुझे काय घोडे मारले होते, देव जाणे) आणि गेल्या आठवड्यात त्याचे नेट गेले.

कोपऱ्यातल्या चिन्हावर टिचकी मारली, तर कनेक्शन एक, कनेक्शन दोन, कनेक्शन तीन अशी भावंडे रांगेत उभी. एकाला काढले की दुसरे हजर. (तुझ्या आजोळी माणसे कमी होत चालली, वाढते आहे ते एवढेच.) शेवटी 'मॅन्युअल' सापडले. तिथे पत्ता मागितला. घरचा घातला, पिनकोडसकट. घेईना. आकडेच हवेत म्हणे. खाली दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना. त्यांचे नि आमचे नेट एकच. त्यांच्या एक्स-रेच्या कॉम्प्युटरवर आकड्यांची चिठ्ठी चिकटवलेली मी पाहिली होती. त्यांचे चालते आहे त्याअर्थी आकडा खानदानी असणार, म्हणून तोच उतरवून आणला आणि ठोकून दिला.

थोड्याच वेळात डॉक्टर हातमोज्यांसकट वर. खाली एक बाई आ वासून बसलेल्या आणि एक्स-रे पडद्यावर उमटेना. "अहो काका, एका पत्त्यावर दोन कॉम्प्युटर नांदत नाहीत!" मी म्हटले, "आम्ही चौघे भाऊ एका खोलीत नांदलो." ते हसले नाहीत. संध्याकाळी मात्र स्वतः येऊन त्यांनी सगळी भावंडे पुसली, एकच ठेवले आणि ते 'ऑटोमॅटिक'वर टाकले. मामीने चहा दिला. बाकी क्षेम.

तुझा मामा

ता. क. वरून कळलेच असेल, नेट उत्तम चालू आहे.

आणखी एक. मामी आत गेल्यावर चहाचा घोट घेताना मी कळवळलो, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "काका, आ करा बघू." जिभेखाली चट्टा आहे. एरवी लोकांच्या तोंडात हात घालून अखंड बोलणारा माणूस, पण चहा अर्धा टाकून थेट फोन लावू लागला. पुढच्या गुरुवारी मोठ्या रुग्णालयात त्याचा तुकडा तपासायला काढणार आहेत. मामीला सांगितलेले नाही. माझे ईमेल तीच उघडते, म्हणून हा कागद. तू बुधवारी ये. एकट्याने जायला धीर होत नाही रे. तिने विचारलेच, तर नेट दुरुस्त करायला आलो म्हण. मी ते सकाळीच बिघडवून ठेवतो. तेवढे आता मला येते.