पुडकं आधी उघडू नका

इन्नाक,
रविवार, २८ फेब्रुवारी २०१६

अहो नुका,

तुमच्या बायकोचा प्रेमाचा नमस्कार. इकडे सगळं ठीक. तुम्ही राजधानीत, नूकला बरे असाल, वेळेवर जेवत असाल आणि पाय कोरडे ठेवत असाल, अशी आशा करते. आशा करायला काही पैसे पडत नाहीत.

तुमच्या वसतिगृहाच्या डॅनिश बाईंनी माझं मागचं पत्र चुकून उघडलं आणि "ही कोण म्हातारी पंधरा वर्षांच्या मुलीला अहो-जाहो करतेय" म्हणून कपाळावर हात मारला, हे वाचून मी इतकी हसले की कवळी काढून ठेवावी लागली. त्यांना नीट सांगा. माझा नवरा नुका ज्या वर्षी बर्फाखाली गेला, त्याच वर्षी माझ्या मुलाला, हान्सेराकला, मुलगी झाली. तिला त्याचं नाव दिलं, म्हणजे तो परत आला. यात न कळण्यासारखं काय आहे? नात्यानं मी तुमची आजी, नावानं बायको. तुमचा बाप तुम्हाला "बाबा" म्हणतो आणि तुम्ही पाळण्यातून उतरल्यापासून त्याला "पोरा, इकडे ये" करता. त्या बाई इतकी वर्षं आपल्याकडे राहून हे शिकल्या नसतील तर दोष तुमचा नाही.

पहिल्या खेपेला तुम्ही स्लेजवर बसून डुलक्या काढायचात आणि कुत्री तुम्हाला घरी आणून टाकायची. या खेपेला त्याच स्लेजवरून उड्या मारून देशाचं नाव काढायला निघालात. दहा स्लेज ओळीनं मांडायच्या, दोन्ही पाय जोडून एकेकीवरून उडी, टोकाला वळायचं, पुन्हा परत, दमून पडेपर्यंत. असा खेळ कुणी काढला कोण जाणे. अंगणात सराव करायचात तेव्हा सात स्लेज शेजाऱ्यांच्या मागून आणाव्या लागायच्या आणि सकाळी उठून परत द्याव्या लागायच्या. आता कुणी परत मागत नाही. सगळ्या आपल्याच दाराशी पडल्या आहेत.

अलास्का, कॅनडा, रशिया, सामी लोक, सगळे या उत्तरेच्या खेळांना आपल्याकडे येणार म्हणे. आपण यजमान. यजमानानं आधी पाहुण्यांच्या ताटात वाढावं हे खरं, पण पदकं वाढत बसू नका. पदक आपल्या बायकांच्या सुरीच्या, उलूच्या आकाराचं असतं असं दुकानवाली ताबिथा सांगत होती. माझ्याकडे तीन उलू आहेत, सील सोलून सोलून पातं झिजलेल्या. आजवर कुणी गळ्यात घातल्या नाहीत.

डेन्मार्कच्या त्या क्रीडाशाळेनं तुम्हाला राहणं, जेवण, शिकणं सगळं फुकट देऊ केलं आणि तुम्ही "मला घरी जाऊन कुत्री हाकायची आहेत" असं तोंडावर सांगितलंत, हेही कळलं. तुमची आई तिकडे गेली ती गेलीच, म्हणून तुम्हाला त्या देशाचा राग आहे, हे मला ठाऊक आहे. हट्टी तर तुम्ही दोन्ही जन्मांचे.

कुत्र्यांचं विचारलंत. काजोक ठीक आहे, खाते. बर्फाचं काय सांगायचं, बर्फ बर्फासारखा आहे. हान्सेराक जरा कमी बोलतो हल्ली. त्यानं बोटीला नवं इंजिन घेतलंय. फेब्रुवारीत बोट, हसाल तुम्ही.

पत्र उद्याच्या हेलिकॉप्टरनं जाईल. पडू नका. पाहुण्यांसमोर तर मुळीच पडू नका.

तुमची बायको,
बिबियाने


इन्नाक,
शनिवार, ९ एप्रिल २०१६

अहो नुका,

तुमच्या बायकोचा नमस्कार. पत्रासोबत एक पुडकं आहे. ते आधी उघडू नका. पत्र पुरं वाचा, मग काय ते करा.

तुमचा फोटो पोचला. रुपेरी उलू गळ्यात आणि तोंड कानापर्यंत. ताबिथानं तो दुकानात पिठाच्या पोत्यांवर लावलाय, त्यामुळे पीठ घ्यायला येणारा प्रत्येक जण तुमच्याबद्दल बोलून जातो. चर्चमध्ये तुमचं नाव घेतलं. माझा गुडघा बरा आहे. खोकला आहे, पण तो माझा जुना सोबती. दोन घरं मोठ्या गावात, ऊम्मानाकला उठून गेली. शाळेत आता चार पोरं उरली आहेत.

बघा, पानभर गप्पा मारून झाल्या तरी मी तिथे येतच नाहीये. येते आता.

तुमच्या उड्यांचा दिवस. आम्ही सगळे सभागृहात टीव्हीपुढे बसणार होतो. सकाळी कॉफी पिताना हान्सेराक म्हणाला, "आई, आजच करतो. सगळे आत असतील."

मला कळलं तो काय म्हणतोय ते. हिवाळाभर कळत होतं. मी म्हटलं, "आणि बाबांना कोण सांगणार?"

"तू सांग. तू बायको आहेस त्यांची."

"आणि तू मुलगा नाहीस होय?"

"म्हणूनच जमणार नाही. कुत्री त्यांची होती, आई. मला सांभाळायला दिली होती त्यांनी."

खरं होतं त्याचं. तुमच्याच जुन्या म्होरक्या कुत्रीची ती पिलावळ. तुम्ही गेलात त्या दिवशी तीच तेवढी पोहून परत आली होती. त्यानं कप विसळून ठेवला. एरवी कधी ठेवत नाही.

सभागृहात मला पहिल्या रांगेत खुर्ची दिली, यजमान संघातल्या खेळाडूची बायको म्हणून. सगळे हसले, मीही हसले. तुम्ही पडद्यावर आलात. त्या नूकच्या स्लेज किती गुळगुळीत, रंगवलेल्या! एकीलाही कधी कुत्रं जुंपलं नसेल. तुम्ही पहिली उडी मारलीत, दुसरी मारलीत आणि बाहेर पहिली गोळी वाजली.

ताबिथा उठली आणि तिनं टीव्हीचा आवाज वाढवला. वळून कुणी पाहिलं नाही. सगळ्यांना माहीत होतं. ज्यांनी आपली कुत्री गेल्या वर्षीच मारली, ते खाली मान घालून बसले होते. तुम्ही टोकाला पोचलात, वळलात, परत निघालात. पडद्यावर लोक टाळ्या पिटत होते आणि मध्येच बाहेरून तो आवाज यायचा. मी तुमच्या पायांवरून नजर हलवली नाही. तुम्ही दमू नये, पडू नये, असं मनात म्हणत होते. तुम्ही उड्या मारताय तोवर ते बाहेरचं खरं नाही, असं काहीतरी माझ्या म्हाताऱ्या डोक्यानं घेतलं होतं. मग तुम्ही पडलात. दुसरा नंबर आला. सगळे उभे राहून ओरडले. बाहेर काहीच वाजत नव्हतं.

त्यानंतर टीव्हीवाल्या मुलीनं तुमच्यापुढे माइक धरला. त्याच वेळी हान्सेराक दार उघडून आत आला. बंदूक बाहेर ठेवली होती, पण तिच्या दारूचा वास त्याच्या अंगाला होता. आणि पडद्यावर तुम्ही हसत म्हणालात, "पोरा, बघतोयस ना? काजोकला नीट खाऊ घालून तयार ठेव. मी उन्हाळ्यात येतेय, कायमची."

कुणी टाळी वाजवली नाही. त्यानं टोपी काढली, खुंटीला लावली आणि पोरांच्या बाकावर जाऊन बसला. तिथूनच म्हणाला, "बाबा छान उड्या मारतात." त्यानंतर आजपर्यंत तो तोंडात गुळणी धरून बसल्यासारखा आहे. तुम्ही दुकानात फोन केलात तेव्हा तो तिथेच होता, पिठाच्या पोत्यांकडे पाठ करून. "कुत्री मजेत आहेत" हे ताबिथा तुम्हाला खोटं बोलली. मीच बोलायला लावलं. सगळी वस्ती तुमच्याशी महिनाभर खोटं बोलतेय आणि त्यात माझा हात सगळ्यात पुढे.

त्याच्यावर रागवू नका. खाडीवर बर्फ धरत नाही. पूर्वी याच महिन्यात तुम्ही स्लेजवरून पार हिमनदीपर्यंत जाऊन हॅलिबट मासे भरून आणायचात. आता खिडकीतून बघते तर काळं पाणी हलतंय. कुत्री बारा महिने साखळीला, काम नाही आणि खायला मात्र रोज हवं. बोटीनं जे मिळेल ते आधी पेट्रोल खातं, मग आम्ही, मग कुत्री. फुकट देतो म्हटलं तरी कुणी घेईना, कारण ज्याच्या त्याच्या दारात तेच. शेवटी शेवटी ती भुंकायचीही नाहीत. नुसती बघायची. हान्सेराक बाहेर पडायचा तेव्हा सगळी एकदम उठून उभी राहायची, आज जुंपणार म्हणून. हे त्याला रोज बघावं लागायचं.

काजोकला त्यानं पहिली मारली. बाकीच्यांचं तिला बघायला लागू नये म्हणून. एवढं एकच त्यानं मला सांगितलं.

संध्याकाळी खाण्याच्या वेळेला सगळी वस्ती कशी गळा काढायची, तुम्हाला आठवत असेल. तुम्ही नूकला गेल्यावर पहिल्या पत्रात लिहिलं होतंत की त्या आवाजाशिवाय झोप येत नाही. आता इथे तो आवाज नाही. मला वाटायचं मला शांतता आवडेल. नाही आवडत.

आता पुडक्याचं. त्याच्यात हातमोजे आहेत. हान्सेराकनं काजोकचं कातडं माझ्यापुढे आणून ठेवलं आणि काही न बोलता गेला. मी तीन आठवडे ते खरवडलं, वाळवलं, मऊ केलं, माझ्या त्याच जुन्या उलूनं. तुमची चमकते, माझी कापते. डोळ्याला नीट दिसत नाही, म्हणून अंगठ्याचा टाका थोडा वाकडा आला असेल. तांबूस केस बाहेर ठेवलेत. हात घातलात की तुम्हाला ओळखू येईल. डेन्मार्कची थंडी ओली असते म्हणतात. त्यांच्या दुकानातले हातमोजे तिथे कामाला येणार नाहीत.

हो, डेन्मार्क. शाळेला या महिनाअखेर उत्तर द्यायचं आहे ना? हो म्हणा.

पहिल्या खेपेला तुम्ही निघालात तेव्हा मी दारातून ओरडले होते, "लवकर या, कॉफी ठेवते." कॉफी उकळून उकळून काळी झाली. तुम्ही आला नाहीत. मग पाळण्यात आलात, आणि पंधरा वर्षं मी मजेत होते. दुसऱ्यांदा मी तुम्हाला कुठे पाठवीन असं मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याच्या अंगावर किटली फेकली असती.

पण इथे हाकायला काही नाही. आहेत त्या स्लेज. त्यांच्यावरून उड्या मारायच्या असतील तर त्या तुम्ही तिकडेही मारू शकता. इथे आलात तर तुमचा पोरगा तुमच्या डोळ्यांपुढून रोज जाईल आणि रोज थोडा थोडा मरेल, आणि तुम्ही त्याच्याबरोबर त्या बोटीत बसाल, कारण तुम्ही तसेच आहात. पुढच्या वर्षी वसंतात शाळा मिटेल. मग दुकान. मग मला ऊम्मानाकच्या म्हाताऱ्यांच्या घरात नेतील. नेऊ देत.

आता एक गोष्ट मला बायको म्हणून सांगता येत नाही. बायकोनं नवऱ्याला "या" म्हणायचं असतं. म्हणून या एका पत्रापुरती मी नावाचं नातं बाजूला ठेवते.

नुका, बाळ, तो म्हातारा माझा नवरा होता. तू पंधरा वर्षांची मुलगी आहेस. त्याचा बर्फ, त्याची कुत्री, त्याची बायको, यातलं काही तुला उचलायचं नाही. म्हणजे मी पुन्हा विधवा झाले. होऊ दे, सवय आहे.

येऊ नकोस.

तुझी आजी,
बिबियाने