सामनच्या बोटीत केळं

डच जॉन, युटा
ऑगस्टचा शेवटचा सोमवार

तीर्थरूप लाव्हारदादा यांस,

थेनचा नमस्कार. (कंबर धरली असल्यामुळे तो अर्ध्यातच थांबला आहे, उरलेला पोचला असं समजावं.) ॲरिझोनाच्या उन्हात तुमचे गुडघे कसे आहेत? वहिनींचा खोकला गेला का? इकडे सगळं ठीक आहे. धरणात पाणी भरपूर आहे, सामन मासे खोलात सुखरूप आहेत, आणि तुम्ही माझ्या भरवशावर ठेवून गेलेली बोट अजून तरंगते आहे. तुमची बहीण, माझी नॉरीन, गेल्यापासून दर पत्रात तुम्ही विचारता, 'थेन, नीट जेवतोस ना?' तर दादा, या खेपेला त्याचं उत्तर जरा सविस्तर आहे.

रुलनची बायको आर्व्हेला तुम्हाला आठवत असेलच. चर्चमध्ये ऑर्गन वाजवते आणि आपण गाताना मागे पडलो की मान वळवून बघते, ती. रुलन जाऊन आता बराच काळ झाला. तिची मुलगी जॅनेल सेंट जॉर्जला असते, आणि बर्फ पडायच्या आत घर विकून आपल्याकडे ये म्हणून आईच्या मागे लागली आहे. घरासमोर 'विकणे आहे'ची पाटीसुद्धा लागली. मला हे कळलं चर्चच्या जेवणात, चीज घातलेल्या बटाट्यांच्या रांगेत, आणि माझ्या हातातला डाव बटाट्यातच राहिला. दादा, तुमच्यापाशी काय लपवायचं? ही बाई गावातून गेली तर मला फार सुनं सुनं होईल. संध्याकाळी तिच्या ओसरीवर जाऊन बसायची सवय लागली आहे. (मी ओसरीचा कठडा दुरुस्त करतो आहे. मे महिन्यापासून. कठडा तसा लहान आहे.) पण 'जाऊ नका' हे म्हणायचं कसं? मला गोड बोलता येत नाही, हे तुमच्या बहिणीनं साऱ्या गावाला सांगून ठेवलं आहे. मला येतं ते एकच, सामन पकडणं. म्हणून मी विचारलं, शनिवारी धरणावर येता का? ती म्हणाली, "येईन. पण खायचं मी आणणार."

मग मी तयारीला लागलो. बोट धुतली, इंजिनाचं तेल बदललं, स्वतःची दाढी केली. डब्यातला पांढरा मका काढून त्यात लसूण, माशाचं तेल आणि गुलाबी रंग घालून फ्रीजमध्ये मुरत ठेवला. (आपला कोकॅनी सामन जन्मभर पाण्यातले डोळ्यांना दिसतील न दिसतील असे किडे खाऊन राहतो, मग गळाला लावलेला मक्याचा दाणा बघून त्याला वेड का लागतं, हे आजवर कोणालाच कळलेलं नाही. समोर बसून त्याला विचारायची सोय नाही, आणि माझी काही तक्रारही नाही.) त्या वासानं फ्रीजमधलं दूध बिघडलं, पण आशा होती.

शनिवारी उजाडताच आम्ही पाण्यात उतरलो. वारा नव्हता, मासे शोधायच्या यंत्राच्या पडद्यावर मासे थव्यानं दिसत होते. गळ खोल नेणारे, तारेला बांधलेले शिशाचे गोळे मी सोडले, दोन्ही गळ पाण्यात गेले, आणि आता काहीतरी बोलावं म्हणून घसा साफ केला. तेवढ्यात तिनं टोपलीवरचं फडकं काढलं. आत केळ्याचा ब्रेड! अख्खा, अजून कोमट. दादा, तुम्हाला का सांगायला हवं? या धरणावर माणूस एक वेळ बायकोला धक्क्यावर विसरेल, पण बोटीत केळं चढू देणार नाही; केळं आलं की मासा पळाला. आपल्या डेल्मरनं तर पुतण्याच्या शर्टावर केळ्याचं चित्र होतं म्हणून त्याला तो उलटा घालायला लावला होता. सांगावं तर तिचं मन दुखावतं, न सांगावं तर मासा लागत नाही. इकडे आड, तिकडे विहीर. फेकावं म्हणावं तर बाईनं अंधारात उठून माझ्यासाठी भाजलेला. शेवटी मला युक्ती सुचली, की खाऊन संपवायचा. तिला साखर वर्ज्य असल्यामुळे वाटेकरीही कोणी नव्हतं. मी खात सुटलो. "आवडलेला दिसतोय," ती म्हणाली. मी मान हलवली, कारण तोंड रिकामं नव्हतं. शेवटचा घास गिळला आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. केळं बोटीतून गेलंच नव्हतं. ते टोपलीतून फक्त माझ्या पोटात गेलं होतं. आता ते खाली उतरवायचं तर आधी मला उतरवायला हवं, आणि धक्का मैलभर लांब.

त्यातच डेल्मरची बोट शेजारून गेली. "अरे थेन, कसला घमघमाट येतोय रे? केळं आहे की काय?"

"मका आहे, मका! लसणाचा!" मी ओरडलो.

डेल्मरनं नाक वर करून पुन्हा हुंगलं, बोट वळवली आणि पार समोरच्या कड्याखाली जाऊन थांबला.

पुढचं ऐका. गळाच्या दोन काठ्या, पाण्यात सारख्याच खोल, एकाच बरणीतला मका. पण मासा लागे तो तिच्याच काठीला. आम्ही जागा बदलल्या, तरी तिलाच. मग काठ्या बदलल्या, तर तिच्या हातात गेलेली माझी काठी बसल्या बसल्या वाकली. चमचमणारे, हातभर लांबीचे सामन. (ज्यांचा केळ्यावर विश्वास नाही त्यांना हे पत्र जरूर वाचून दाखवावं.) मला मात्र राग आला नाही, खरंच सांगतो. ती प्रत्येक माशाला "या, या" म्हणत होती, आणि मी हातजाळं घेऊन बाजूला उभा होतो, अगदी मजेत.

आणि मग मोठा लागला. कोकॅनीचं तोंड म्हणजे भिजलेला कागद, हे तुम्ही जाणताच. सगळी मदार जाळं धरणाऱ्यावर. जाळ्यात येता येता मासा गेला म्हणून या गावात सख्खे भाऊ एकमेकांशी बोलेनासे झाले आहेत. मी वाकलो. म्हणजे अर्धा वाकलो, कारण पुढे ब्रेड आडवा आला. जाळ्याची कड दोरीला लागली, मासा सुटला, माझी कंबर कडकन वाजली आणि मी बोटीच्या तळाशी जाऊन बसलो. मनात म्हटलं, झालं, बाई आता सेंट जॉर्जला निघाल्या.

"लागलं का?" तिनं विचारलं.

"मासा गेला हो."

"मासा मी बघितला. तुम्हाला लागलं का, ते विचारतेय."

मी तसाच पडून राहिलो. तिनं गळ गुंडाळले, गोळे वर घेतले, इंजिन सुरू करून बोट धक्क्याला आणली. गाडीमागचा ट्रेलर उतारावर उलटा घेऊन बोटीखाली आणायला मला चार खेपा लागतात, तिनं एका झटक्यात सरळ आणला. (तरुणपणी वडिलांचा गवताचा ट्रक चालवायची म्हणे.) मग माझ्याशेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "बोटीत केळं चालत नाही, हे मला ठाऊक आहे."

मी उठायला गेलो, तर तिनं खांदा दाबून पुन्हा खाली बसवलं.

"लग्नाच्या पहिल्या वर्षी मी रुलनबरोबर आले होते. असाच ब्रेड आणला होता. त्यानं भांड्यासकट पाण्यात भिरकावला. तसा वाईट नव्हता तो. पण मी परत त्याच्या बोटीत पाय ठेवला नाही. म्हटलं, घर विकायच्या आधी हा माणूस काय करतो ते बघू."

"मग?"

"अख्खा खाल्लात की हो!" असं म्हणून ती जी हसायला लागली, ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मीही हसलो, पण जपून, कंबरेमुळे. संध्याकाळी तिनं जॅनेलला फोन केला आणि मला म्हणाली, अंगणातली पाटी तेवढी उपटून टाका. मी कंबर विसरून उपटली. (आता पुन्हा आठवली आहे.)

सोबत धुरी दिलेल्या सामनची बरणी पाठवतो आहे. मासा अर्थातच तिच्या काठीचा. वहिनींना नमस्कार सांगावा.

तुमचा आज्ञाधारक,
थेन

ता.क. तुम्ही नॉरीनचे थोरले भाऊ. तुमच्या शब्दाबाहेर मी कधी गेलो नाही आणि आताही जाणार नाही. मी आर्व्हेलाशी लग्न करावं का? शांतपणे विचार करून कळवावं.

पुन्हा ता.क. फार शांतपणे नको. लग्न येत्या शनिवारी आहे, बिशपांना सांगून झालं आहे, आणि माझ्या बाजूला तुम्हीच उभे राहायला हवेत. मागची खोली झाडून ठेवली आहे. पलंग उंच केला आहे, गुडघ्यांना त्रास होणार नाही.

आणखी एकच. काल नॉरीनच्या थडग्याशी जाऊन तिलाही सगळं सांगितलं, केळ्यासकट. बराच वेळ टोपी हातात घेऊन उभा राहिलो. ती काही बोलली नाही. दादा, तुमची बहीण तुम्ही ओळखता. पटलं नसतं, तर ती गप्प बसली असती का?