आई अजून नदीचंच पाणी पिते

आसुआनो, घाना
बुधवार, १४ ऑगस्ट २०१९

लाडक्या आंत्वीस,

दुफीताईचे अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. कोको यंदा बरा आहे. तुमच्या खाणीने बांधलेल्या शाळेला निळा रंग दिलाय, नळालाही पाणी येतं. पण मंगळवार नदीच्या विसाव्याचा, म्हणून बायका त्या दिवशी नळालाही हात लावत नाहीत! तुझे साहेब हसतील. हसू देत.

आई मजेत आहे. मध्यंतरी तिच्या स्वप्नात नदी आली होती म्हणे, उंबऱ्यावर बसून केस वाळवत होती. आईने विचारलं, "काय गं, घर सोडून आलीस?" तर नुसती हसली. तेव्हापासून आई रोज पहाटे तिच्याकडे जाऊन बसते. मीही मागोमाग जाते. धुकं असतं तोवर खाणीचा डोंगर दिसत नाही, आपण लहान आहोत आणि तू पलीकडून हाका मारतोयस असं वाटत राहतं. मग ऊन येतं आणि राखाडी पाणी दिसतं.

आंत्वी, मजेत आहे असं लिहिलं ते खरं नाही. तिच्या हातातून वाडगा निसटतो. पोटात कळा येतात. डॉक्टर म्हणाले, नदीचं पाणी आधी बंद करा. मी नळाचा हंडा भरून ठेवते, तर ती त्या पाण्याने पाय धुते.

"आई, पुरे झाला हट्ट!" मी काल ओरडलेच.

"हट्ट कसला? माझ्या आंत्वीने मुखियांच्या अंगणात, पूर्वजांना मद्य ओतून सांगितलंय, पाणी चांगलं आहे म्हणून. तू काय त्याच्यापेक्षा शहाणी?"

मग मी मुखियांकडे गेले. मुखियांनीही समजावून पाहिलं. पण आपली रीत तुला ठाऊक आहे. मद्य ओतून दिलेला शब्द ज्याचा त्यानेच मागे घ्यायचा, त्याच अंगणात, सगळ्यांसमोर. तू खाणीचा माणूस म्हणून बोललास. तिने ते लेकाचं बोलणं म्हणून ऐकलं.

नोकरी जाईल, मला कळतं. पोरांच्या शाळेचं काय, तेही कळतं. तुझा राग येतो आणि तुझ्यासाठी जीवही तुटतो. तरी ये.

आत्ताच ती नदीवरून आली. कुणाला लिहितेयस विचारलं, मी तुझं नाव सांगितलं. किती खूश झाली! म्हणाली, "त्याला लिही, त्याचं खरं आहे. पाणी अजून गोड आहे."

तिने सांगितलं तेवढं लिहिलं.

उद्या पहाटेही तिच्या मागोमाग जाणारी,
तुझी दुफीताई