कंसातली कानउघाडणी

तीर्थरूप मामांना, पोर्तुगीजमध्ये गळ्यापर्यंत बुडालेल्या भाचीचा नमस्कार.

गुडघा कसा आहे? मामींनी जिना चढायला मनाई केली असेल तर ऐका. (जन्मभर कोर्टात कारकुनी करून हुकूम न मानणारे तुम्ही एकटेच.) माझी तब्येत ठणठणीत, नोकरीची तेवढी नाजूक आहे.

झालं असं की आमच्या कोर्टात पुस्तकबांधणी करणाऱ्या एका बाईंचा दावा होता. मालकानं दुकान त्यांनाच विकायचा लेखी करार केला आणि मग परदेशात बसून शब्द फिरवला. म्हणे, नुकसानभरपाई घ्या आणि गप्प बसा. न्यायाधीश म्हणाले, तीस वर्षं जिथं सुई-दोरा चालवला त्या जागेची भरपाई पैशानं होत नाही, ठरलेलं दुकानच द्या. कायद्याचा हात पोचत नाही तिथं न्यायबुद्धीनं करायचा हा उपाय, तुम्हाला मी काय सांगावं. पण मालकाला कळते फक्त पोर्तुगीज, म्हणून निकालाचं भाषांतर माझ्याकडे आलं. तीन कोश पालथे घातले. 'करार पुरा करा'ला शब्द सापडला, पण 'न्यायबुद्धी' काही केल्या उतरेना. काहीही लिहिलं तरी कोर्ट मेहेरबानी मागतंय असं वाटायचं.

आता माझी खोड तुम्हाला ठाऊक आहे. कच्च्या खर्ड्यात मनातलं कंसात लिहिल्याशिवाय माझं डोकं चालत नाही. त्या ओळीपुढे वैतागून पोर्तुगीजमध्येच लिहिलं होतं: दिलेल्या शब्दाची थोडी तरी लाज बाळगा. पक्क्या प्रतीत ते खोडायचं राहिलं. शिक्का बसला, टपाल गेलं, आणि मग माझ्या लक्षात आलं. (आमच्या कचेरीत पोर्तुगीज माझ्याशिवाय कुणाला येत नाही.)

त्या कंसानं चिडून मालक अडून बसला असता तर बाईंना आणखी वर्षभर खेटे आणि तोवर दुकानाला कुलूप. त्या रोज चौकशीला यायच्या, आणि त्यांच्यासमोर डबा उघडायची मला चोरी झाली होती.

काल उत्तर आलं. मालक लिहितो, बाकीचं काही समजलं नाही, कंसातलं समजलं, दुकान देतो. बाईंना सांगितलं तर त्या माझा हात धरून बसून राहिल्या. मलाही रडू आलं.

मामींना नमस्कार सांगा.

तुमची भाची

ता. क. उत्तराला दुसरा परिच्छेदही आहे. भाषांतर करणाऱ्या गाढवाला कामावरून काढा, अशी त्यात मागणी आहे. त्याचं भाषांतर अर्थातच माझ्याकडे आलंय. गाळला तर कुणाला पत्ता लागणार नाही. पण न्याय मागायला येणाऱ्याचे हात स्वच्छ हवेत, हे तुम्हीच शिकवलंत. पूर्ण उतरवलाय, गाढवासकट.

आणखी ता. क. त्यापायी सोमवारी साहेबांपुढे उभं राहायचंय. एकटीला धीर होत नाही, याल का? बाई येते म्हणाल्यात, पण त्या पहिल्याच वाक्यात साहेबांची लाज काढतील.